घरगुती उपायांवरची जुनी विनोदी फीत (१६ एमएम) आखाजीला दाखवायची आहे: रीळ, प्रोजेक्टर आणि अहिराणी निवेदन

बोरीकाठ

अमळनेर तालुक्यात गावच्या पारासमोर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) संध्याकाळी एक जुनी अमेरिकी विनोदी फीत दाखवायची आहे. कृष्णधवल, एक रीळ, इंग्रजी निवेदन. विषय घरगुती उपाय. घरधन्याला सर्दी होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण नवा इलाज सांगतो: छातीवर मोहरीचा लेप, मोहरीच्या गरम पाण्यात पाय, गळ्यात हिंगाची पुरचुंडी, साखरेवर रॉकेलचे थेंब, एरंडेल. मधेच उचकी लागते, तिचे वेगळे उपाय सुरू होतात. शेवटी दुखरा दात दाराच्या मुठीला दोरीने बांधतात. सुरुवातीचा नावाचा तुकडा तुटून गेला आहे, त्यामुळे नाव आणि साल कळत नाही.

रीळ ४०० फुटी, भोकं एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला आवाजाची पट्टी. डबा उघडला की आंबूस वास येतो, फार नाही. प्रोजेक्टरच्या पाटीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं आहे. फीत चालवण्याजोगी आहे का, प्रोजेक्टर इथल्या विजेवर कसा लावायचा आणि इंग्रजी निवेदनाचं काय करायचं, असे तीन प्रश्न आहेत.

रीळमास्तर

भाऊ, फीत अजून प्रोजेक्टरवर चढवू नका. आंबूस वास म्हणजे व्हिनेगर सिंड्रोम सुरू झालेला आहे. ॲसिटेटची पट्टी हळूहळू विघटते, ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि तेच ॲसिड पुढचं विघटन वाढवतं. वास येतो म्हणजे फीत ॲसिटेटची, हे ठरलंच. पॉलिएस्टरला हा वास येत नाही. आणि १६ एमएम फीत १९२३ साली बाजारात आली तीच सेफ्टी बेसवर (सहज न पेटणाऱ्या पट्टीवर), त्यामुळे नायट्रेटसारखी पेट घेईल ही भीती मनातून काढून टाका. धोका आहे तो आक्रसण्याचा. ॲसिटेट आक्रसलं की भोकांमधलं अंतर कमी होतं, प्रोजेक्टरचा पंजा भोकात नीट बसत नाही आणि कडा फाडत जातो. पहिल्या दहा फुटांत काहीच दिसत नाही. पुढे कटकट आवाज सुरू होतो, तोपर्यंत शेकडो भोकं गेलेली असतात.

म्हणून आधी मोजमाप. स्टीलची एक मीटरची पट्टी घ्या, कापडी टेप चालणार नाही. फीत टेबलावर सपाट ठेवा, न ताणता. एका भोकाच्या वरच्या कडेपासून मोजायला लागा, १०० चौकटी सोडा आणि १०१व्या भोकाच्या वरच्या कडेवर थांबा. नव्या प्रिंटवर हे अंतर ७६२ मिलिमीटर भरतं. तुमचं जितकं कमी, त्याला ७६२ने भागा, शंभराने गुणा. सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी मोजा, कारण बाहेरचे वेढे जास्त सुकलेले असतात. ०.८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण ७५६ मिलिमीटरपर्यंत, चांगल्या प्रोजेक्टरवर सांभाळून चालते. १ टक्क्याच्या वर गेली, म्हणजे ७५४.४च्या खाली, की प्रोजेक्टर नको. मग दाते नसलेल्या स्कॅनरवरच द्यायची.

मोजताना हाताच्या रिवाइंडरवर फीत एकदा सावकाश पूर्ण फिरवून घ्या. सुती हातमोजा घालून दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही कडा धरा. फाटलेलं भोक, सुटलेला जोड, दुमडलेली कड डोळ्याआधी बोटाला कळते. तिथे कागदाची चिठ्ठी अडकवा, फितीवर पेनाची खूण करू नका.

बोरीकाठ

मोजलं. सुरुवातीला ७५६.५, मध्ये ७५८, शेवटी ७५७. लांबी ३८६ फूट. जोड ११, त्यातले ३ सुटायला आलेले. एका ठिकाणी सलग चार भोकं फाटलेली, नेमकी उचकीच्या प्रसंगात. कडेला 'सेफ्टी' अशी अक्षरं आणि त्याच्या पुढे भूमितीच्या खुणा आहेत.

रीळमास्तर

सर्वांत वाईट ठिकाणी ०.७२ टक्के. चालेल, पण काठावर आहे. म्हणून ठरवून टाका: दुरुस्तीनंतर एकदा चाचणी, एकदा गावात, बस. तालमीसाठी चाचणीच्या वेळीच पडद्यावरून मोबाइलवर चित्रण करून घ्या. मोबाइल सेकंदाला २४ चौकटींवर आणि शटर १/४८ किंवा १/५०वर ठेवा, नाहीतर पट्टे फिरताना दिसतात.

कडेच्या वर्तुळ-चौकोन-त्रिकोण खुणा कोडॅकच्या असतात. त्यांचा क्रम दर २० वर्षांनी परत येतो, आणि त्या कच्ची फीत कधी बनली ते सांगतात, चित्रपट कधी निघाला ते नाही. एकच खूण दोन-तीन सालांवर बसते. नक्की कोणतं ते माणसांचे कपडे, घरातला रेडिओ, गाडीचं मॉडेल यांवरून ठरवावं लागतं.

आता दुरुस्ती. सुटलेले तीन जोड बहुतेक सिमेंटचे असतील, म्हणजे फितीचं रसायन खरवडून, विद्रावकाने चिकटवलेले. जुनं सिमेंट सुकलं की पापडीसारखं निघतं. पुन्हा सिमेंट लावायचं तर दोन्ही टोकं कापावी लागतात, प्रत्येक जोडाला एक-दोन चौकटी जातात. तुम्ही टेपचा जोड द्या, एकही चौकट जात नाही आणि नंतर काढता येतो. १६ एमएमचा स्प्लायसर (जोड देण्याचं यंत्र) वापरा, जो टेपमध्ये भोकंही पाडतो. दोन्ही बाजूंनी टेप लावा आणि हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने घासून आतली हवा काढा. हवा राहिली की तिथे चित्राला बुडबुडा दिसतो. स्टेशनरीची साधी सेलोटेप अजिबात नको. उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे.

फाटलेल्या चार भोकांसाठी भोकं असलेली अर्धी पट्टी टेप मिळते, ती फक्त भोकांच्या कडेला लावा. चित्रावर येऊ देऊ नका.

आवाजाच्या पट्टीवर जोड आला की स्पीकरमध्ये 'ढब' असा दणका येतो. त्याला उपाय जुना: जोडावर पट्टीच्या भागात काळ्या अपारदर्शक शाईचा छोटा त्रिकोण काढायचा. प्रकाश हळूहळू कमी होतो, हळूहळू वाढतो, दणका जातो.

पुढे-मागे लीडरचे (चित्र नसलेल्या कोऱ्या फितीचे) किमान ६-६ फूट जोडा. लीडर एका बाजूला भोकं असलेलाच हवा. फीत अडकवताना जे काही फाटायचं ते लीडरमध्ये फाटू द्या.

गोमाईकाठचा

मास्तर, एक भर घालतो. प्रोजेक्टर मूकपटाचा असेल तर त्याच्या चाकांना दोन्ही बाजूंना दाते असतात. एका बाजूला भोकं असलेली फीत त्यावर लावली की दुसरीकडचे दाते थेट आवाजाच्या पट्टीत रुततात, आणि ती पट्टी कायमची गेली. अडकवण्याआधी बॅटरी लावून प्रत्येक चाक बघा: दाते एकाच बाजूला हवेत.

साफसफाईबद्दल: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं मऊ कापड. आधी लीडरजवळ एका कोपऱ्यात लावून बघा. ७० टक्क्यांचं औषधांच्या दुकानात सहज मिळतं, ते घेऊ नका. त्यातल्या पाण्याने जिलेटिन फुगतं आणि चित्राचा थर कापडाबरोबर निघतो. कापड दर दहा फुटांनी नव्या घडीवर घ्या, नाहीतर पुसलेली धूळच फितीवर घासली जाऊन उभ्या रेघा पडतात. फीत गुंडाळण्याआधी पूर्ण सुकली पाहिजे. खिडक्या उघड्या, जवळ विस्तव नाही.

प्रोजेक्टरचं गेट (जिथे चौकट प्रकाशासमोर थांबते) दातकोरणीने आणि मऊ ब्रशने साफ करा. धातूची टोकदार वस्तू नको, तिचा ओरखडा पुढे प्रत्येक फितीवर उमटत राहतो. गेटमध्ये साचलेली पापडी म्हणजे जुन्या फितींचा सुटलेला थर.

वाघूर

विजेचा भाग मी घेतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

१२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे काम झालं, असं वाटतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अशा प्रोजेक्टरांतली साधी एसी मोटर विजेच्या आवर्तनावर फिरते. ६० हर्ट्झवर २४ चौकटींची गती ठरवलेलं यंत्र ५० हर्ट्झवर २० चौकटींवर येतं. तुमची ३८६ फूट फीत बरोबर गतीला १० मिनिटं ४३ सेकंदांत संपते, ती १२ मिनिटं ५२ सेकंद घेईल. आवाजाचा सूर तीन अर्धस्वरांनी खाली उतरेल, निवेदक आजारी असल्यासारखा बोलेल. पण खरं नुकसान विनोदाचं. दार आपटतं, दोरी ताणली जाते, माणूस उडतो, यातला प्रत्येक थांबा एक पंचमांशाने लांबतो. हसू येण्याआधीच लोकांना कळलेलं असतं.

उपाय: मोटरवरची पुली बदलणे. पुष्कळ यंत्रांत दोन पायऱ्यांची पुलीच असते. मागचं झाकण उघडा, पट्टा मोठ्या व्यासाच्या पायरीवर सरकवा. एकच पायरी असेल तर १.२ पट व्यासाची पुली टर्नरकडून पितळेची करून घ्या. व्यास मोजताना खाचेच्या तळाशी मोजा, कडेवर नाही. पट्टा रबरी असेल आणि नखाने दाबल्यावर खूण तशीच राहत असेल तर तोही बदला, चालू असताना घसरतो.

तपासणी सोपी आहे: टाकाऊ फीत घ्या, ३६ फुटांवर चिठ्ठी लावा. २४ चौकटींना ती बरोबर ६० सेकंदांत निघाली पाहिजे. ७२ सेकंद लागले तर तुम्ही अजून २०वर आहात.

बोरीकाठ

वाघूर भाऊ, दोन पायऱ्यांची पुली आहे. पट्टा सरकवला, ६१ सेकंद आले. पार आणि ग्रामपंचायतीच्या मीटरमध्ये ४० मीटर अंतर आहे. जनरेटर घ्यावा का?

वाघूर

६१ म्हणजे उत्तम. एवढा फरक कानाला कळत नाही.

दिवा २५० वॅटचा, मोटर, पंखा आणि ॲम्प्लिफायर धरून ४५० वॅटच्या आसपास. ट्रान्सफॉर्मर १००० व्हीएचा घ्या, निम्म्यावर चालला की तापत नाही. ४० मीटरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाका, बारीक वायरवर व्होल्टेज पडतं आणि दिवा पिवळा होतो. जनरेटर घेतलाच तर १.५ ते २ केव्हीएचा, आणि पारापासून दूर, वारा पाराकडून जनरेटरकडे जाईल अशा बाजूला. घरचा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर लावू नका, मोटर गुरगुरते आणि तापते. अर्थिंग पक्कं करा, ही यंत्रं धातूच्या सांगाड्याची असतात.

हॅलोजनला उघडं बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथेच काच फुगते. कागदात धरून बसवा. एक दिवा जास्तीचा ठेवा. आवाज वाचणारा छोटा दिवा वेगळा असतो, बऱ्याच यंत्रांत ४ व्होल्ट ०.७५ अँपिअरचा. चित्र आहे आणि आवाज नाही, असं झालं तर ॲम्प्लिफायर खोलण्याआधी तो बघा. खेळ संपल्यावर दिवा बंद करून पंखा पाच मिनिटं चालू राहू द्या.

गोमाईकाठचा

पडद्याचं गणित: प्रोजेक्टरच्या चौकटीची रुंदी ९.६५ मिलिमीटर. पडद्यापर्यंतचं अंतर गुणिले ९.६५, भागिले लेन्सचा फोकस. ५० मिलिमीटरची लेन्स १० मीटरवर १.९३ मीटर रुंद चित्र देते, म्हणजे सव्वासहा फुटांहून किंचित जास्त. २५० वॅटला ७ फुटांच्या पुढे जाऊ नका, चित्र राखाडी होतं. १०० ते १५० माणसांना ६ फूट पुरतं, पुढच्या पोरांना खाली सतरंजीवर बसवा.

कापड जाड मांजरपाट, दुहेरी, मागे काळं कापड. चारी कडांना दोरी ओवायची भोकं पाडून बांबूच्या चौकटीत दोरीने ताणा. खाली लोंबकळता सोडला तर वाऱ्याने पडदा पोटासारखा फुगतो आणि फोकस जातो. अंधार पावणेआठनंतर पुरेसा होतो. आखाजीला तृतीयेची कोर असते, ती लवकर मावळते, चांदण्याचा त्रास नाही. पारावरचा एलईडी मात्र ग्रामपंचायतीला सांगून आधीच बंद करून ठेवा.

कळणाभाकरी

यंत्राचं झालं, आता फितीत काय आहे ते बघू. या जुन्या फितींची मजा तेव्हाच येते, जेव्हा बघणाऱ्याला इलाज ओळखीचा वाटतो. अमेरिकेतल्या बाईला मोहरीचा लेप म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं, म्हणून फीत समजावून सांगत बसत नाही. आपल्याकडे ते काम निवेदनाला करावं लागेल, आणि गंमत घडायच्या आधी. नंतर सांगून उपयोग नाही.

हिंगाच्या पुरचुंडीचा प्रसंग घ्या. अमेरिकेत खरंच गळ्यात हिंगाची पिशवी बांधत. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तर हिंग आणि कापूर दोन्ही बांधत. फितीत शेजारीण दार उघडते, नाक धरते आणि मागे सरते. पडद्यावर दिसते ती नुसती पांढरी पिशवी. आपल्या लोकांना ती ताईत वाटेल, आणि शेजारीण का पळाली ते कळणारच नाही. पुरचुंडी बांधतानाच्या चौकटीवर 'हिंग' हा शब्द कानावर पडला पाहिजे. तान्ह्याच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावणाऱ्या बायका समोर बसलेल्या आहेत. एवढा एक शब्द पुरे आहे.

मोहरीच्या लेपाला आपल्याकडे जवळचा शब्द पोटीस. जवसाचं पोटीस खान्देशात सगळ्यांना माहीत आहे, पण हे तसं मऊ काम नाही. मोहरीची पूड एक भाग, गव्हाचं पीठ चार ते सहा भाग, कोमट पाणी, कापडात घालून छातीवर १० ते १५ मिनिटं. पाणी उकळतं घेतलं तर मोहरीतलं विकर मरतं आणि झणझणीत तेल सुटतच नाही. कोमट घेतलं तर सुटतं, आणि मग विसरून चालत नाही, कातडीला फोड येतात. फितीतला सगळा विनोद या विसरण्यावर उभा आहे: बायको फोनवर बोलत राहते, घड्याळ दाखवतात, नवऱ्याचा चेहरा बदलत जातो. घड्याळ पहिल्यांदा दिसतं तेव्हा निवेदकाने फक्त म्हणावं, 'पंधरा मिनिटांच्या वर ठेवायचं नसतं.' पुढे गप्प राहावं. लोक स्वतः मोजतील.

एरंडेलाला एक शब्दही नको. 'एरंडेल प्यायल्यासारखं तोंड' आपल्या भाषेतच आहे. चमचा दिसला की पहिल्या ओळीतली पोरं आधीच तोंड वाकडं करतील.

निमझरी

निवेदनाच्या भाषेबद्दल. अमळनेर म्हणजे अहिराणी, त्यात वाद नाही. हीच फीत उद्या यावल-रावेरला नेली तर तिथे लेवा बोली लागेल, आणि अक्कलकुव्याला अहिराणी परकीच. प्रत्येक गावासाठी निवेदन नव्याने बसवावं, लिहून आणलेलं वाचू नये.

उचकीच्या प्रसंगाला आखाजीचा मोका सोडू नका. तिकडे उचकी म्हणजे पाणी पिणं, श्वास कोंडणं, मागून येऊन दचकवणं. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय, आणि बरोबर नाव घेतलं की थांबते. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी आलेल्या. पडद्यावर माणूस पहिली उचकी देतो, निवेदिका विचारते, 'कोन याद करी ऱ्हायनं वं माय?' मग प्रत्येक उचकीला एक गाव: पारोळा, चोपडा, शिरपूर, साक्री. माणसांची नावं घेऊ नका, फक्त गावांची. ज्या गावाची सून किंवा लेक समोर बसली आहे तिथून आवाज उठतो. उचक्यांमधलं अंतर चित्रात ठरलेलं आहे, तेवढ्यात एकच शब्द बसतो. 'धुळ्यानं याद करं का काय' एवढं लांबवलं तर पुढची उचकी निघून जाते.

वेळ फुटांवरून काढा. मिनिटाला ३६ फूट. उचकी १५० फुटांवर सुरू होत असेल तर ती ४ मिनिटं १० सेकंदांवर येते. तालमीच्या मोबाइल चित्रणावर हाच हिशोब जुळतो का ते बघा. निवेदिकेला पडदा दिसेल असं बाजूला बसवा, प्रोजेक्टरजवळ नाही. यंत्राची खडखड माइकमध्ये जाते.

बोरीकाठ

मग मूळ इंग्रजी आवाज पूर्ण बंद करायचा का? त्यात संगीत आहे, दार आपटल्याचा आवाज आहे.

निमझरी

पूर्ण बंद नको. प्रोजेक्टरचा आवाज पाव ठेवा, निवेदनाचा माइक वर. निवेदिका जिथे गप्प आहे (लेपाचं घड्याळ, एरंडेलाचा चमचा, दाताची दोरी) तिथे प्रोजेक्टरचा आवाज अर्ध्यावर आणायचा. त्यासाठी नॉबजवळ एक माणूस फक्त तेवढंच करणारा बसवा. दाताच्या प्रसंगात शेवटची तीस सेकंदं एकही शब्द नको. दोरी ताणली गेली की पार आपोआप शांत होतो, तिथे कोणी बोललं तर सगळं वाया.

अंजनीताई

बोरीकाठ भाऊ, एक काळजी आहे. साखरेवर रॉकेलचा प्रसंग. अमेरिकेत खोकल्यावर हा इलाज खरोखर करत. आपल्याकडेही काही घरांत रॉकेल अजून बाटलीत असतं, आणि पोरांनी ते पिण्याचे प्रकार होतात. रॉकेलचा खरा धोका पोटाला नाही, फुप्फुसाला असतो. गिळताना किंवा ओकताना चार थेंब श्वासनलिकेत उतरले तरी फुप्फुसाला सूज येते. म्हणून रॉकेल प्यालेल्याला उलटी कधीच करवायची नाही. मीठ-पाणी नको, घशात बोट नको. सरळ दवाखान्यात. हा प्रसंग फितीतून कापून टाकावा असं मला वाटतं. पहिल्या ओळीत पोरं बसणार आहेत.

रीळमास्तर

ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण फीत कापायची नाही. जगात या फितीच्या किती प्रती शिल्लक आहेत आपल्याला माहीत नाही, नावाचा तुकडा आधीच गेलेला. कापलेला तुकडा वेगळ्या डब्यात ठेवू म्हणतात आणि तो डबा हरवतो. तो प्रसंग झाकायचा असेल तर यंत्र चालू ठेवून लेन्ससमोर पुठ्ठा धरा. फितीला काही होत नाही, पडदा पंधरा सेकंद काळा राहतो. तेवढ्यात निवेदिका बोलू शकते.

अंजनीताई

हे जास्त बरं. काळा पडदा आणि एकच वाक्य: 'आठे रॉकेल पाजतस, हाई करानं नही.' मग लगेच एरंडेल.

खेळानंतर लोक हसत उठणार, तेव्हा आपल्या घरच्या चार गोष्टी माइकवर सांगून घ्या. फितीपेक्षा त्या जवळच्या आहेत. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई, लोणी नको. २० मिनिटं वाहतं साधं पाणी, बर्फही नाही. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. तान्ह्याच्या नाकाजवळ कापराची पुरचुंडी नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. पाण्याने भरपूर धुवायचं आणि दाखवायला न्यायचं. बिब्ब्याचा चटका तर देऊच नये, त्याच्या तेलाने कातडी जळते आणि डाग राहतो. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून मोठ्यांच्या छातीला लावायला हरकत नाही, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघावी.

कळणाभाकरी

यातलं रुईचं आणि बिब्ब्याचं नक्की सांगा, ताई म्हणतात ते बरोबर आहे. शेतात काम करणाऱ्याच्या रोजच्या वाटेवर ही दोन्ही झाडं असतात.

गोमाईकाठचा

दोन कागदी गोष्टी. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे साल ठरवणं फक्त हौसेचं काम नाही. आणि सार्वजनिक खेळ म्हटला की परवानगी लागते, तहसील आणि पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. ध्वनिक्षेपक रात्री १०ला बंद.

रीळमास्तर

अडकवण्याबद्दल शेवटचं. आक्रसलेल्या फितीला वरचा आणि खालचा वेढा (गेटच्या वर-खाली सैल सोडलेली फीत) नेहमीपेक्षा अर्ध्या बोटाने मोठा ठेवा. खालचा मात्र फार मोठा नको, १६ एमएममध्ये आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे असतो, वेढा बदलला की दार आपटतं आणि आवाज मागून येतो. चालू असताना चित्र वर-खाली थरथरायला लागलं तर वेढा सुटलेला आहे. एक सेकंदही वाट बघू नका, थांबवा. दिवा आधी, मोटर नंतर. थांबलेल्या चौकटीवर दिवा राहिला तर ती चौकट तपकिरी होऊन फुगते.

आणि एक माणूस फक्त कान देऊन उभा ठेवा, पडद्याकडे पाठ करून. यंत्राचा आवाज बदलला हे त्यालाच आधी कळतं.

खेळ झाल्यावर रात्रीच उलटी गुंडाळू नका. शेवट बाहेर, तशीच राहू द्या, सकाळी हाताच्या रिवाइंडरवर सावकाश घ्या. पत्र्याचा जुना डबा टाकून द्या, त्यात ॲसिड कोंडतं आणि गंज फितीवर येतो. हवा जाईल असा प्लॅस्टिकचा डबा घ्या. दुसऱ्या फितींच्या शेजारी ठेवू नका, वाफेने त्यांनाही लागण होते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत, माळ्यावर ठेवायची नाही. घरातली सर्वांत थंड, कोरडी, जमिनीलगतची कपाटाची खण बघा, आणि डबा आडवा.

खेळ झाला की स्कॅनला पाठवा. दाते नसलेला स्कॅनर, चौकट-चौकट, २के (सुमारे दोन हजार ठिपके रुंद चित्र), आणि आवाजाची पट्टी चित्राबरोबरच वाचलेली. फीत ०.७२ला आहे तोवर हे नीट होतं. सल्ल्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र टाका, त्यात मोजमापं आणि कडेच्या खुणांचा फोटो जोडा.

बोरीकाठ

जोड झाले, अकराही पुन्हा टेपने घेतले. चार भोकांवर अर्धी पट्टी लावली. चाचणी केली: १० मिनिटं ५४ सेकंद, वेढा एकदाही सुटला नाही. उचकीच्या ठिकाणी बारीक टिकटिक आली, पण चित्र हललं नाही. मोबाइल चित्रण निवेदिकेला दिलं आहे, गावांची यादी ती करते आहे. पुठ्ठा कापून ठेवला, रॉकेलचा प्रसंग १९८ फुटांवर सुरू होतो आणि २०७ला संपतो.

वाघूर

१९८ म्हणजे साडेपाच मिनिटांना. तुमचं यंत्र किंचित सावकाश आहे, ५ मिनिटं ३५ सेकंद धरा. पुठ्ठा दोन सेकंद आधी धरायला सांगा.